तिसरी पोझिशन

ताश्कंदहून घाटापलीकडच्या आमच्या कोकंदमध्ये एखाद्यानं नवी गाडी घेतली असं कळलं, की लोक अभिनंदन नंतर करतात, आधी विचारतात, "कितवी पोझिशन?" गाडी तीच असते. पहिल्या पोझिशनमध्ये चार चाकं, स्टिअरिंग आणि बाकी देवाची कृपा. दुसरीत एसी येतो आणि पुढच्या काचा बटणावर खाली होतात. तिसरीत चकचकीत चाकं, मोठी स्क्रीन, मागचं दाखवणारा कॅमेरा आणि पुढच्या दोन सीटा गरम करायची सोय. चौथीला छतात काचेची खिडकी असते, ती आमच्या धुळीत कुणी उघडत नाही. दर पायरीला किंमत आमच्या चलनात काही कोटी सोमांनी चढते आणि माणसाची मानही तेवढीच ताठ होते.

मी शोरूममध्ये गाड्या विकते. एअरबॅगा किती, असं विचारणारं गिऱ्हाईक मला वर्षाकाठी एखादंच भेटतं, आणि तेही बहुधा परगावचं निघतं. आमच्या लोकांचा प्रश्न ठरलेला आहे. "रानो-ओपा, ही तिसरी आहे हे बाहेरून कळतं ना?" कळतं बाबा, चाकांवरून कळतं, असं मी सांगते, आणि मग त्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. दुसरी घेऊन बाजारातून तिसरीची चाकं बसवणारेही महाभाग आहेत. त्यांना पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

माझी थोरली बहीण सबोहत. तिला मी ओपा म्हणते, आमच्यात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात, आणि मानानं कुठल्याही बाईलाही. ओपा तंदूरमध्ये नान भाजते, म्हणजे भाजायची. अख्ख्या मोहल्ल्याचा सकाळचा चहा तिच्या नानाशिवाय होत नसे. हे काम ज्यानं केलं नाही त्याला वाटतं, त्यात काय, भाकरीच तर आहे. कमरेतून वाकायचं, अर्धं अंग त्या तापल्या तोंडात घालायचं, कणीक भिंतीवर थापायची आणि केस जळायच्या आत बाहेर यायचं. पहाटेपासून हेच. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण हिवाळा त्याहून वाईट. पुढून छाती भाजून निघते आणि मागून अंगणातलं गार वारं पाठीत घुसतं. ओपा हसून म्हणायची, "रानो, मी एका बाजूनं भाजलेलं नान आहे गं. कुणी उलटवलंच नाही."

तिचे यजमान तुर्गुन. बहिणीच्या नवऱ्याला आम्ही पोच्चा म्हणतो. तुर्गुन-पोच्चा शाळेत कुस्ती शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांचा राग येणार आहे.

त्यांच्या मुलाचं, दोनियोरचं लग्न ठरलं, तेव्हा तिघं जण गाडी बुक करायला माझ्याकडे आले. भर हिवाळा होता. शोरूमच्या फरशीवरून थंडी पायात चढत होती. बापलेकांचं दारातच जुंपलं.

"दुसरी बास झाली," पोच्चा म्हणाले. "त्या चाकांची काय भाजी करायची आहे?"

"बाबा, दुसरी टॅक्सीवाले घेतात. मी सासुरवाडीला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. तेच बघून मुलगी दिली त्यांनी."

मी गालातल्या गालात हसले. ओपा एका कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. अशी उभी राहिली की समजावं, आज पाठ फार धरली आहे. मी तिसऱ्या पोझिशनच्या गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, "ये ओपा, पुढे बस जरा. यांचं चालू दे." ती बिचकत बसली, कोटाची टोकं आवरून, जणू परक्याच्या घरी पाहुणी आली आहे. मी पलीकडून शेजारी बसले आणि गंमत म्हणून सीट गरम करायचं बटण दाबलं.

थोड्या वेळानं ती बोलता बोलता थांबली.

"रानो, इथे आत्ता कुणी बसलं होतं का?"

"नाही गं. का?"

"सीट गरम आहे."

"आत तारा असतात. तिसरीपासून पुढे ही सोय कंपनीचीच येते, वेगळे पैसे नाहीत."

ती मागे रेलली. आधी थोडी, मग पुरती. तिनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरची एकेक आठी सुटत गेली ती मी बघितली. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. "कुणीतरी पाठीवर हात ठेवलाय असं वाटतंय गं," ती म्हणाली. "आई गेल्यापासून माझ्या पाठीला कुणी हात लावला नव्हता."

मग तिनं काच खाली केली आणि बाहेर भांडणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, ही घ्या."

"काय?"

"हीच. तिसरी."

माझ्या बहिणीनं जन्मात घरात काय घ्यायचं ते सांगितलं नव्हतं. पडदे कोणत्या रंगाचे, हेसुद्धा नाही. दोनियोरनं धावत येऊन तिचे गाल धरले. "बघा बाबा! आईला कळतं! आईला माझी इज्जत कळते!" पोच्चा पुटपुटले की पोराला डोक्यावर बसवून ठेवलंय, पण त्यांनी सही केली. पैसे ओपाच्या नानविक्रीचेच होते, त्यामुळे फार ताणताही आलं नाही.

मी खरं कारण सांगायला तोंड उघडलं, तर ओपानं माझं मनगट धरलं. कणीक मळून मळून तिची पकड पहिलवानासारखी झाली होती. "बोलू नकोस, माझी शपथ आहे," ती कुजबुजली. "म्हणतील, म्हातारपणी हिला शेक हवा झालाय. गाडी आली की बसेनच की मी. तेव्हा आपोआप कळेल."

गाडी यायला पुढचा शरद उजाडला. आमच्याकडे गाडी मागितली आणि मिळाली, असं होत नाही. वाट बघण्यातच निम्मं आयुष्य जातं. गाडी आली त्या दिवशी अंगणात बकरा कापला, चाकांना धूप दाखवला, मौलवींनी दुवा मागितली. सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक कुणी काढायचं नाही, असा पोच्चांनी हुकूम सोडला. पहिली फेरी मोहल्ल्यातून निघाली. पुढे अर्थातच पोच्चा. ओपा मागे, मांडीवर नानांची टोपली घेऊन, दारोदार वाटत चाललेली. मला वाटलं, ठीक आहे, पहिला दिवस आहे.

पण मग रोजच कुणीतरी निघालं. शुक्रवारी पुढे पोच्चा. बाजाराला जाताना शेजारचे म्हातारे, कारण त्यांचे गुडघे. लग्नाला जाताना पोच्चांचे थोरले बंधू. लग्न होऊन सून आली, तिला दिवस गेले, मग पुढे सून, आणि त्याला तर मीही काही म्हणू शकले नाही. आमच्याकडे पुढची सीट मानाची. बाई कितीही वयाची झाली तरी तिच्यापेक्षा मोठा मान कुणाचा तरी निघतोच. ओपा मागे सरकून बसायची आणि दोन सीटांच्या फटीतून ते बटण बघायची. मी तिच्या शेजारी असायची, म्हणून मला माहीत आहे.

"आज सांगतेच मी त्यांना," मी म्हणायची.

"राहू दे गं. हिवाळा काय पळून जातोय?"

दोनियोरचा बँकेतला पगार बाळ आल्यावर पुरेना. शनिवार-रविवार तो ताश्कंदच्या फेऱ्या मारायला लागला. टॅक्सीवाल्यांची म्हणून दुसरी पोझिशन नाकारणारा हा पोरगा तिसरीची टॅक्सी चालवू लागला. मी एकदा नाक्यावर खरेदीला थांबले होते, तर याचा आवाज कानावर आला. "ताश्कंद, ताश्कंद! पुढची सीट रिकामी! गरम सीट, घाटात थंडी वाजणार नाही!" पुढच्या सीटचं भाडं मागच्यापेक्षा जास्त असतं, आणि याचं तर त्याहून जास्त होतं. मी तिथेच त्याचा कान पकडला. चारचौघांत, बाप्या माणसाचा.

"लाज वाटते का? आईची सीट विकतोस?"

त्याला खरंच काही कळलं नाही. मावशीला तो खाला म्हणतो. "आईची? खाला, आई कधी पुढे बसली? आणि गरम सीटचं तुम्हीच तर सांगून गाडी विकलीत!"

शपथेनं तोंड बांधलेलं. मी तशीच घरी आले आणि कपबशा आदळत बसले.

दुसऱ्या हिवाळ्यात ओपाच्या पायांत मुंग्या यायला लागल्या. तंदूरवरून सरळ व्हायला तिला भिंत लागायची. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, मणक्याची चकती सरकून नस दाबते आहे, ताश्कंदला दाखवा, उशीर करू नका. घरी ठरलं, दोनियोरच्या फेरीत जागा असेल तेव्हा नेऊ. जागा काही होईना. दर वेळी ओपाच म्हणायची, "गिऱ्हाईक कशाला सोडतोस, मी पुढच्या वेळी येईन." शेवटी मी गेले आणि दोनियोरला बजावलं, या शनिवारी पुढची सीट तिची, भाडं मी देते. पोराचा चेहरा पडला. "खाला, आईकडून भाडं घेईन का मी?" तो म्हणाला, आणि तेही मनापासून म्हणाला.

शनिवारी सकाळी बर्फ भुरभुरत होता. मी सोबत निघाले होते. ओपाला धरून पुढे बसवलं, कमरेमागे उशी दिली, दोनियोरला सांगून बटण दाबायला लावलं. बटणाजवळचा लाल दिवा लागला. ओपानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. चोरून मिठाई मिळालेल्या पोरीसारखी हसली. सीट अजून तापायची होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी व्याही दिसले. दोनियोरचे सासरे, एर्गश-ओता. नवी टोपी, हातात मधाची बरणी, त्यांना ताश्कंदला पुतण्याकडे जायचं होतं आणि जावयाची गाडी निघते आहे हे लेकीकडून कळलं होतं. कुणी काही बोलायच्या आत पुढचं दार उघडलं. ओपा भिंतीला धरतात तसं दाराला धरून बाहेर येत होती.

"या व्याही, या. इथे बसा, पुढे."

"छे छे, विहीणबाई, तुम्ही बसा, मी मागे—"

"असं कसं? मी मागे पाय मोकळे करून बसते, मला मागेच बरं पडतं."

त्यांनी तीनदा नाही म्हटलं, रीतीप्रमाणे, आणि तिनं तीनदा बसा म्हटलं. व्याही मागे बसले असते तर काही आकाश कोसळलं नसतं. पण सुनेच्या बापाला मागे बसवलं, ही गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत चघळली गेली असती, आणि सूनही ती विसरली नसती. हे ओपाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मला इतका संताप आला की मी मधाची बरणी त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली. कुणावर संतापू, तेच कळत नव्हतं. व्याह्यांवर? ते भले गृहस्थ. दोनियोरवर? तो बिचारा दार धरून उभा. ती स्वतःच्या पायांनी मागे गेली होती.

घाटात बोगद्याच्या अलीकडे चहाला थांबलो. एर्गश-ओता उतरता उतरता म्हणाले, "जावईबापू, काय सीट आहे! पाठ अगदी मऊ झाली." मी ओपाकडे वळले. ती हलत नव्हती.

"रानो," ती म्हणाली, "माझे पाय कुठे गेले गं?"

दोनियोरनं आईला उचलून मागच्या सीटवर नीट आडवं केलं, आणि मग तो जी गाडी हाणत सुटला ती थेट हॉस्पिटलच्या दारात. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

पोच्चा दुसऱ्या दिवशी बसनं आले. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते टोपी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "कधी बोलली नाही. इतकं दुखतंय असं कधी बोललीच नाही."

मग माझा बांध फुटला. म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात. "बोलली होती! एकदाच बोलली होती, माझ्या शोरूममध्ये, तुमच्या तोंडावर. ही घ्या म्हणाली. तुम्हाला वाटलं पोराच्या चाकांसाठी? त्या बाईला फक्त पाठ शेकायची होती हो! कंपनी ती सीट फुकट देते, तिसऱ्या पोझिशनमध्ये. आणि तुम्ही सगळे तिच्यावर बसलात. एकेक जण येऊन बसलात!"

नर्सनं येऊन मला दटावलं. पोच्चांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. मग उठून बाहेर गेले. ते गेल्यावर मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

ओपाजवळ मी राहिले. हळूहळू पाय हलायला लागले, काठी धरून ती चार पावलं टाकू लागली, आणि आम्ही दोघी हरखलो. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. चालणं येईल, थोडंफार. पण नस फार दिवस दाबलेली राहिली. अर्ध्या पाठीपासून खाली, मागच्या बाजूनं, जाणीव परत येणार नाही. हात लावलेला कळणार नाही, टाचणी कळणार नाही, गार-गरम कळणार नाही. "म्हणून शेक अजिबात घ्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "गरम पिशवी नाही, गाडीची ती गरम सीटही नाही. कातडी भाजेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही."

ओपानं शहाण्या पोरीसारखी मान डोलावली. बाई गेल्या. मी तिची मांडी दाबत होते, मग लक्षात आलं, ते तिला कळत नाहीये. मी हात काढून घेतला आणि तिचा हात धरला. "घरी जाईपर्यंत यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आधीच खचलेत."

सुट्टी मिळाली त्या दिवशी पोच्चा स्वतः गाडी घेऊन आले. घाटातून एवढ्या लांब गाडी त्यांनी एकट्यानं कधी चालवली नव्हती. गाडी धुतलेली होती. आणि पुढच्या सीटवरचं प्लास्टिक काढलेलं होतं. फक्त तिथलंच, कडेनं चाकूनं कापून. गाडी आल्यापासून त्या प्लास्टिकवर चहाचा थेंब पडला तरी हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा. खालचं कापड अगदी नवं होतं, दुकानातल्यासारखं.

"पुढे बस," ते म्हणाले. ओपाकडे न बघता, गाडीच्या टपाकडे बघून.

"अहो, रानोला बसू दे, तिची झोप—"

"पुढे बस म्हणतोय ना मी!"

त्यांनी तिला स्वतःच्या हातांनी बसवलं. पट्टा लावून दिला. एकमेकांशेजारी, असे पुढे, ते दोघं मी पहिल्यांदाच बघत होते. लग्नातही रीतीप्रमाणे दोघांच्या मधे उशी ठेवलेली होती. मी मागे बसले, काठी आणि औषधांची पिशवी घेऊन. गाडी सुरू झाली तसं पोच्चांनी खिशातून चष्मा काढला, वाकून बटणं शोधली, आणि सीटचं बटण शेवटच्या पायरीपर्यंत दाबलं. तिन्ही दिवे लागले. मी पुढे सरकले, बोलणार, तोच ओपानं आरशातून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी मागे टेकले, पण बटण बंद करायला हात पुढे घालायच्या तयारीतच बसले.

शहर संपलं. पोच्चा रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान सगळे तिच्याकडे होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "लागतंय का?"

"हो," ओपा म्हणाली. ती मागे रेलली, डोळे मिटले, अगदी त्या दिवशीसारखी. "छान शेकतंय हो. पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "काय चीज बनवतात बघ," ते म्हणाले. "आणि मी येडा, दुसरी घेणार होतो!"

ओपा हसली. मग म्हणाली, "अहो, बास आता. फार तापली. भाजेल मला. बंद करा."

"भाजते?" ते केवढे खूश झाले. "म्हणजे जोरात चालतेय!" त्यांनी पुन्हा वाकून बटण दाबलं, एकेक करून दिवे विझले. मी काठीवर डोकं टेकवलं आणि तोंडात रुमाल कोंबून रडले.

घाट लागला, बाहेर बर्फाच्या भिंती दिसायला लागल्या. "पुन्हा लावू का?" पोच्चांनी विचारलं.

"थांबा जरा," ओपा म्हणाली. "अजून ऊब आहे."

कोकंद येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि दर वेळी ओपाला अजून ऊब होती.